वॉर्डातील आडवाटा कशा ओळखाव्यात आणि रुग्णाला इजा होण्याआधी त्यांचे काय करावे

पुरुषांच्या मेडिसिन वॉर्डात रात्रीच्या जेवणाआधी एका रुग्णाला 16 युनिट इन्सुलिन द्यायचे होते. वॉर्डाच्या फ्रीजमधील इन्सुलिनची छोटी बाटली, म्हणजे व्हायल, संपली होती, औषध दुकानाची खिडकी बंद झाली होती आणि रुग्णाने घरून आणलेल्या इन्सुलिन पेनाच्या सुयाही संपल्या होत्या. पेनातील कार्ट्रिज मात्र जवळजवळ भरलेले होते. ड्यूटीवरच्या सिस्टरने ते कार्ट्रिज बाहेर काढले, त्याच्या रबरी बुचात ट्रेमधील इन्सुलिनची सिरिंज टोचली आणि 16 च्या रेघेपर्यंत औषध ओढून घेतले. सिरिंजचे टोपण लाल होते. ओव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा ताबा, घ्यायला नुकत्याच आलेल्या दुसऱ्या सिस्टरचे लक्ष त्या टोपणाकडे गेले आणि तिने हात धरला, म्हणून तो रुग्ण वाचला.

आपल्याकडे इन्सुलिनची व्हायल बहुधा 40 युनिट प्रति मिलिलिटर या तीव्रतेची असते आणि तिच्यासाठी लाल टोपणाची सिरिंज असते. पेनाच्या कार्ट्रिजमधील इन्सुलिन 100 युनिट प्रति मिलिलिटर असते आणि त्या तीव्रतेची सिरिंज नारिंगी टोपणाची असते. लाल टोपणाच्या सिरिंजवर 16 ची रेघ म्हणजे 0.4 मिलिलिटर. कार्ट्रिजमधून तेवढे औषध ओढले, तर त्यात 16 नव्हे, 40 युनिट येतात, म्हणजे ठरलेल्या मात्रेच्या अडीच पट. असा डोस घेऊन रुग्ण झोपला, तर मध्यरात्री त्याची साखर उतरून तो बेशुद्ध होऊ शकतो आणि शेजारच्या खाटेवरच्यांना वाटते की माणूस गाढ झोपला आहे.

मी त्या वॉर्डाची इन्चार्ज होते. त्या सिस्टरला मेमो द्यावा, असेच मला प्रथम वाटले. मेमो लिहायला बसण्याआधी मी इतर सिस्टरांना सहज विचारले, तेव्हा कळले की त्याच महिन्यात आणखी तिघींनी कार्ट्रिजमधून सिरिंजने इन्सुलिन ओढले होते. त्यांच्यापैकी एकीला तीव्रतेतील फरक ठाऊक होता आणि ती मनात हिशेब करून ओढत असे, उरलेल्या दोघींच्या हाती त्या दिवशी योगायोगाने नारिंगी टोपणाची सिरिंज आली होती. ही युक्ती साऱ्या वॉर्डाला माहीत होती, फक्त मला माहीत नव्हती. मेमो लिहिला असता, तर पुढच्या वेळी ती आणखी लपून झाली असती. त्यानंतरच्या वर्षांत मी जी पद्धत बसवली, ती इन्चार्ज सिस्टर, मेट्रन आणि लहान रुग्णालये चालवणारे डॉक्टर यांच्यासाठी येथे लिहीत आहे.

आडवाट कशाला म्हणायचे

ठरलेल्या रीतीने काम करणे अशक्य किंवा फार कठीण होते, तरीही रुग्णाचे अडू नये म्हणून कर्मचारी आपल्या अकलेने जी वेगळी रीत काढतात, तिला मी आडवाट म्हणते. बोलताना आपण जुगाड म्हणतो. पळवाट हा शब्द मी टाळते, कारण पळवाट शोधणाऱ्याला काम चुकवायचे असते, तर आडवाटेने जाणाऱ्याला ते पुरे करायचे असते. आळस आणि बेफिकिरी यांचा विचार वेगळा करावा लागतो आणि त्यांचे प्रमाण, माझ्या अनुभवाने, आपण समजतो त्यापेक्षा पुष्कळ कमी आहे.

साधनांची चणचण हेच आडवाटांचे एकमेव कारण आहे, असे मात्र कोणी समजू नये. संशोधक रॉस कोपेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील पाच रुग्णालयांत, औषध देण्याआधी रुग्णाच्या मनगटपट्टीचा आणि औषधाचा बारकोड स्कॅन करण्याची पद्धत कशी चालते हे पाहिले आणि 2008 मध्ये प्रसिद्ध केले. तेथे त्यांना 15 प्रकारच्या आडवाटा आणि त्यांची 31 कारणे आढळली. मनगटपट्टीच्या जादा प्रती छापून त्या ट्रॉलीवर किंवा दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या होत्या, म्हणजे रुग्णाजवळ न जाताच स्कॅन पुरे होत असे; आणि औषध योग्य रुग्णालाच मिळावे यासाठी आणलेली यंत्रणा कागदोपत्री चोख चालत असताना नेमका तोच उद्देश बाजूला पडत असे. कारणे काय होती, तर भिजलेली पट्टी, चुरगळलेला किंवा पुसट झालेला बारकोड, उतरलेली बॅटरी, अधूनमधून तुटणारे वायरलेस, घाईचा प्रसंग. यातले एकही कारण सिस्टरच्या स्वभावात नाही, हे प्रत्येक व्यवस्थापकाने नीट लक्षात घ्यावे.

पाहायला कधी आणि कसे जावे

रजिस्टर तपासून आडवाट सापडत नाही, कारण रजिस्टरमध्ये नेहमी ठरलेली रीतच लिहिलेली असते. रुग्णालयांना दर्जाची मान्यता देणाऱ्या एनएबीएचच्या तपासणीचा आठवडाही यासाठी निरुपयोगी आहे. त्या दिवसांत स्टोअरमधून सगळे वेळेवर येते आणि आडवाटांची गरजच उरत नाही. रविवारी दुपारी, रात्री दोनच्या सुमारास, किंवा ओव्हर चालू असतानाच्या अर्ध्या तासात वॉर्डात जाऊन बसावे. हातात चेकलिस्ट घेऊ नये, आणि जमल्यास एखाद्या सिस्टरबरोबर औषधांचा पूर्ण राउंड पायी फिरावा.

नजर वस्तूंवर ठेवावी, कारण वस्तू आधी बोलतात. मॉनिटरच्या स्पीकरवर चिकटपट्टी लावलेली दिसली, तर अलार्मच्या मर्यादा रुग्णानुसार बदललेल्या नाहीत आणि तो उगाचच वाजत राहतो, असे समजावे. टांगलेल्या सलाईनच्या बाटलीच्या वरच्या बाजूला हवेसाठी सुई टोचलेली असेल, तर बाटली आणि ड्रिप सेट एकमेकांना जुळणारे येत नाहीत आणि त्या सुईतून न गाळलेली हवा थेट द्रवात जात आहे. दंडाला बांधलेला रबरी हातमोजा टूर्निकेटचा, म्हणजे शीर वर येण्यासाठी दंडाला आवळायच्या पट्ट्याचा, तुटवडा सांगतो. सिस्टरच्या कप्प्यात मागे सारून ठेवलेली सिरिंजची पाकिटे चोरीची नसतात. मागच्या रविवारी सिरिंज संपल्या होत्या, याची ती आठवण असते. ट्रेमध्ये लेबल न लावता लोड करून ठेवलेल्या सिरिंज दिसल्या, तर मात्र तेथेच थांबावे, कारण पाण्यासारखी दिसणारी सर्व इंजेक्शने सिरिंजमध्ये सारखीच दिसतात.

आपल्याकडची एक आडवाट वस्तूंत दिसत नाही, ती माणसांत दिसते. सिस्टर एक आणि रुग्ण चाळीस, अशा वॉर्डात बरीच कामे नातेवाइकांच्या हाती जातात. नाकातून पोटात घातलेल्या राइल्स ट्यूबमधून दूध घालणे, सलाईन संपत आली की चाक बंद करणे, ऑक्सिजनचा फ्लो मीटर पाहणे, कधी कधी तर हाताने श्वास देण्याची अँब्यू बॅग दाबत बसणे, हे सर्व मुलगा, सून किंवा म्हातारी आई करत असते. त्यांना कोणीतरी एकदा करून दाखवलेले असते, पण ट्यूब जागेवर आहे की नाही हे कसे ओळखावे, किंवा रुग्ण खोकू लागला तर लगेच काय थांबवावे, हे सांगितलेले नसते. म्हणून राउंडमध्ये नातेवाइकांनाही अदबीने विचारावे: “आजी, तुम्हाला इथे काय काय करायला सांगितलंय?” त्या उत्तरातून वॉर्डाची खरी घडी जितकी कळते, तितकी कोणत्याही अहवालातून कळत नाही.

कर्मचाऱ्यांना विचारताना प्रश्नाची धाटणी महत्त्वाची असते. “तुम्ही नियम पाळता ना?” या प्रश्नाला एकच उत्तर मिळते. “आज कशासाठी थांबावं लागलं? मग कसं निभावलं?” असे विचारले, की नवी सिस्टरसुद्धा बोलू लागते. वॉर्डातील मावशी आणि मामा यांनाही विचारावे. लिफ्ट बंद असताना ऑक्सिजनचा सिलिंडर वर कसा नेला जातो, हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. खरे सांगितल्याबद्दल कोणालाही शिक्षा होणार नाही, असा शब्द आधी द्यावा आणि तो पाळण्याची ताकद आपल्यात आहे याची खात्री मेट्रनकडून किंवा अधीक्षकांकडून आधीच करून घ्यावी. हा शब्द एकदा जरी मोडला, तरी पुढची काही वर्षे आपल्याला फक्त रजिस्टरच वाचायला मिळते.

नोंद

एका साध्या वहीत प्रत्येक आडवाटेसाठी एक पान द्यावे. ठरलेली रीत काय, प्रत्यक्षात काय होते, नेमके कोठे अडते, किती वेळा आणि कोणत्या पाळीत अडते, आणि आडवाटेमुळे कोणती तपासणी गळते, एवढे लिहावे. कर्मचाऱ्याचे नाव लिहू नये. शेवटच्या मुद्द्यासाठी दोन ओळी जास्त लागल्या तरी चालतील, कारण पुढचे सारे निर्णय त्यावरच घ्यायचे असतात.

आज काय थांबवायचे आणि काय थांबू शकते

सर्व आडवाटा एकाच दिवशी बंद करू पाहणारा वॉर्ड बंद पडतो. म्हणून त्यांचे वजन करावे. मी तीन गोष्टी पाहते: इजा झालीच तर ती भरून येण्यासारखी आहे का, चूक रुग्णापर्यंत पोहोचण्याआधी कोणाच्या तरी नजरेस पडेल का, आणि एका चुकीने किती रुग्णांना बाधा होईल. हातमोज्याचा टूर्निकेट बाहीखाली राहून गेला, तर हात सुजतो आणि बहुधा ते लवकर लक्षात येते. तो आठवडाभरात सुधारावा. लेबल नसलेली सिरिंज, कार्ट्रिजमधून ओढलेले इन्सुलिन, अनेक रुग्णांत फिरणारे एकच पेन आणि सर्वांसाठी उघडी ठेवलेली सलाईनची बाटली या चार गोष्टींना मी एक दिवसही देत नाही.

शेवटच्या गोष्टीबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण ती इतकी सरसकट दिसते की ती आडवाट आहे हेच कोणाला वाटत नाही. इंजेक्शन दिल्यावर व्हेनफ्लॉन, म्हणजे शिरेत बसवलेली नळी, चालू राहावा म्हणून दोन-तीन मिलिलिटर सलाईन ढकलावी लागते. त्यासाठी सकाळी ट्रॉलीवर सलाईनची एक मोठी बाटली येते, तिच्या बुचात एक सुई टोचलेली राहते आणि दिवसभर सगळे जण तिच्यातूनच सिरिंज भरतात. प्रत्येकाने प्रत्येक वेळी नवी सिरिंज वापरली, तरी उघड्या सुईतून जंतू आत जातात. आणि कोणीतरी घाईत, एका रुग्णाच्या व्हेनफ्लॉनला लावलेलीच सिरिंज पुन्हा बाटलीला लावली, तर डोळ्याला न दिसणारे रक्त बाटलीत जाते आणि पुढच्या प्रत्येक रुग्णाला त्यातला वाटा मिळतो.

ही भीती कल्पनेतली नाही. अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात, फ्रीमाँट गावच्या एका कर्करोग उपचार केंद्रात 2000 आणि 2001 या काळात सलाईनची एकच मोठी पिशवी अनेक रुग्णांचे कॅथेटर (शिरेतील नळ्या) फ्लश करण्यासाठी, म्हणजे सलाईन ढकलून मोकळे ठेवण्यासाठी, वापरली जात होती आणि रक्त काढलेली सिरिंजच पुन्हा त्या पिशवीत टोचली जात होती. तेथे 99 रुग्णांना हेपॅटायटिस सी झाला. कर्करोगाशी झुंजणाऱ्या माणसांना उपचाराच्या खुर्चीत बसून दुसरा आजार मिळाला, आणि तो देणाऱ्या हातांना त्या वेळी आपण काही वावगे करत आहोत, असे वाटले नसावे.

थांबवताना हातात काहीतरी द्यावे

“उद्यापासून असे चालणार नाही” असे परिपत्रक काढून आडवाट बंद होत नाही. ज्या गरजेतून ती निघाली, ती गरज उद्या सकाळीही उभी राहणारच. म्हणून बंदी आणि पर्याय एकाच पाळीत पोहोचले पाहिजेत.

फ्लशच्या बाटलीला पर्याय सरळ आहे: 5 किंवा 10 मिलिलिटरच्या सलाईनच्या प्लास्टिक अँप्यूल, एका वेळी एका रुग्णासाठी एक, आणि उरलेली तेथेच टाकून द्यायची. स्टोअरवाले खर्चाचा मुद्दा काढतील. त्यांच्याशी वाद घालताना बाटलीची किंमत आणि अँप्यूलची किंमत शेजारी शेजारी ठेवू नये, एका संसर्गग्रस्त रुग्णाच्या वाढीव मुक्कामाचा खर्च शेजारी ठेवावा. इन्सुलिनच्या बाबतीत आम्ही वॉर्डात एकाच प्रकारची, म्हणजे लाल टोपणाची, सिरिंज ठेवली आणि नारिंगी टोपणाच्या सर्व परत पाठवल्या. फ्रीजमध्ये एक राखीव व्हायल आली आणि तिच्यावर “ही उघडली की लगेच इन्डेंट”, म्हणजे स्टोअरकडे मागणीपत्र, अशी चिठ्ठी लागली. पेनाच्या सुयांचे एक पाकीट रात्रीच्या कपाटात गेले. कार्ट्रिजमधून सिरिंजने ओढू नये, हे सांगताना अडीच पटीचा हिशेब प्रत्येकीकडून एकदा कागदावर करून घेतला, आणि त्याबरोबर हेही सांगितले की ओढताना कार्ट्रिजमध्ये हवा शिरते आणि पुढे पेनाने दिलेला डोसही चुकतो. एका रुग्णाचे पेन, सुई बदलून का होईना, दुसऱ्याला वापरू नये, कारण कार्ट्रिजमध्ये रक्त मागे येऊ शकते.

लेबलसाठी मायक्रोपोर चिकटपट्टीचा तुकडा आणि पेन ट्रेलाच बांधून ठेवावे. औषधाचे नाव, मात्रा, रुग्णाचे नाव, वेळ आणि लोड करणाऱ्याची आद्याक्षरे लिहायला अर्धा मिनिटही लागत नाही, पण पेन शोधायला चार मिनिटे लागतात आणि नेमक्या त्या चार मिनिटांत आडवाट जन्माला येते.

मुळाशी जाताना एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा “का” विचारावे. व्हायल का संपली? इन्डेंट शनिवारी गेला नाही. का गेला नाही? शनिवारी स्टोअर दुपारी एकला बंद होते आणि तोपर्यंत डॉक्टरांचा राउंड संपलेला नसतो. आता उत्तर वॉर्डाच्या बाहेर गेले आणि ते सिस्टरच्या हातात उरले नाही. अशा वेळी पान वहीतच राहू देऊ नये. स्टोअर, फार्मसी किंवा बायोमेडिकल विभागातील ज्या माणसाला ते सोडवता येईल, त्याचे नाव आणि तारीख पानावर घालून ते अधीक्षकांसमोर ठेवावे. सिस्टर अडचण सोडवतात, पण ती वर कळवत नाहीत, असे म्हटले जाते. कळवून काही झाले नाही, असा अनुभव तीनदा आला की कोणीही कळवणे सोडते.

आडवाटेशिवाय इलाजच नसेल तेव्हा

असे प्रसंग येतात आणि येत राहतील. शिरेतून ठरलेल्या वेगाने औषध देणारा पंप बंद पडला, दुसरा नाही आणि रुग्णाचे औषध थांबवता येत नाही, अशा वेळी नियमपुस्तक हातात घेऊन उभे राहणे हा रुग्णावर अन्याय आहे. तेव्हा आडवाट धरावी, पण उघडपणे धरावी. आपण काय करत आहोत हे मोठ्याने म्हणावे, दुसऱ्या कोणालातरी मात्रा तपासायला लावावी, डॉक्टरांना कळवावे, केस पेपरवर वेळेसह लिहावे आणि ओव्हर देताना सर्वांत आधी तेच सांगावे. थेंब मोजून औषध द्यायचे असेल, तर सेट कोणता आहे हे आधी पाकिटावर वाचावे: मायक्रो सेटमध्ये 60 थेंबांचा एक मिलिलिटर होतो, साध्या सेटमध्ये साधारणपणे 20 थेंबांचा, आणि दोन्हींची गफलत झाली तर वेग तिप्पट किंवा एक-तृतीयांश होतो. ही व्यवस्था किती वाजेपर्यंत चालेल, तेही त्याच वेळी ठरवावे. शेवट न ठरवलेली तात्पुरती सोय वर्षानुवर्षे टिकते.

फोनवरच्या ऑर्डरचेही तसेच. नवख्या सिस्टरला डॉक्टरांना पुन्हा विचारण्याचा संकोच वाटतो, म्हणून तिला वाक्यच देऊन ठेवावे: “सर, मी लिहून घेतलंय, परत वाचून दाखवते.” मात्रा वाचताना आकडे सुटे म्हणावेत, वन-फाइव्ह किंवा फाइव्ह-झीरो, कारण फोनवर फिफ्टीन आणि फिफ्टी एकसारखे ऐकू येतात. डॉक्टरांनीही हे वाचन पुरे होईपर्यंत फोन ठेवू नये. ज्या वॉर्डात ज्येष्ठ डॉक्टर स्वतःहून “वाचा सिस्टर” म्हणतात, तेथे हा प्रश्न आठवड्याभरात मिटलेला मी पाहिला आहे.

आडवाट चांगली निघाली तर

काही आडवाटा मूळ रीतीपेक्षा सरस असतात आणि त्या चिरडल्या तर रुग्णांचेच नुकसान होते. कोलंबियातील बोगोटा येथे 1978 मध्ये इन्क्युबेटर पुरत नव्हते, म्हणून डॉ. एडगर रे यांनी कमी वजनाच्या बाळांना आईच्या छातीशी, त्वचेला त्वचा लावून ठेवायला सुरुवात केली. आज त्याच कांगारू पद्धतीची शिफारस जागतिक आरोग्य संघटना करते. आपल्या धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा येथे डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी हर्नियाच्या शस्त्रक्रियेत महागड्या जाळीऐवजी मच्छरदाणीच्या कापडाचा निर्जंतुक तुकडा वापरला. हे काम त्यांनी आपल्या शस्त्रक्रियागृहापुरते ठेवले नाही. इतर शल्यचिकित्सकांकडून ते करवून घेतले, नोंदी ठेवल्या आणि 2003 मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढे युगांडामध्ये स्वस्त आणि महाग जाळीची रीतसर तुलना झाली, ती 2016 मध्ये प्रसिद्ध झाली आणि एका वर्षानंतरचे परिणाम सारखेच आढळले.

या दोन्ही गोष्टींत आणि आमच्या कार्ट्रिजच्या युक्तीत फरक कोठे आहे, हे वॉर्डातील बैठकीत जरूर बोलावे. तेथेही साधन नव्हतेच. पण जे केले ते नाव देऊन, मोजून, इतरांना तपासू देऊन केले. म्हणून एखाद्या सिस्टरची युक्ती चांगली वाटली, तर तिला ती लिहून काढायला सांगावे, संसर्ग नियंत्रण समितीला किंवा संबंधित डॉक्टरांना दाखवावी, थोड्या काळासाठी एकाच वॉर्डात करून पाहावी आणि टिकली तर तिच्या नावानिशी लेखी कार्यपद्धतीत आणावी.

पुन्हा जाऊन पाहणे

बदल केल्यावर साधारण दोन आठवड्यांनी, त्याच पाळीत आणि शक्यतो त्याच वाराला वॉर्डात परत जावे. पहिले चार दिवस सर्व जण नव्या रीतीने वागतात, खरा कल नंतर दिसतो. जुनी आडवाट परतली असेल, तर आपला पर्याय कोठेतरी अपुरा आहे असे धरून चालावे आणि वहीतले तेच पान पुढे लिहावे.

इन्सुलिनच्या प्रसंगानंतर तिसऱ्या रविवारी रात्री मी त्या वॉर्डात गेले. राखीव व्हायल फ्रीजमध्ये होती, तिच्यावरची चिठ्ठी मात्र ओलाव्याने गळून ट्रेखाली गेली होती आणि रात्रीच्या कपाटाची किल्ली दुसऱ्या मजल्यावर होती, म्हणजे पेनाच्या सुया असूनही नसल्यासारख्याच होत्या. ज्या सिस्टरचा हात त्या दिवशी धरला गेला होता, तीच ड्यूटीवर होती. “मॅडम, किल्ली इथंच ठेवायची का?” असे तिने विचारले. आम्ही दोघींनी मिळून औषधांच्या कपाटाच्या आतल्या बाजूला एक खिळा ठोकला, चिठ्ठी प्लास्टिकच्या पाकिटात घालून पुन्हा लावली, आणि पानावर त्या दिवशीची तारीख घातली.